दुसऱ्या घरचे पान

लोंढा हे स्थानक आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु बहुधा अर्धवट झोपेत. गोव्याकडे जाणारी वाट येथे फुटते. मीटरगेजच्या काळात काही डबे येथे सोडावयाचे, काही जोडावयाचे, एंजिनाने पाणी घ्यावयाचे, आणि प्रवाशाने खिडकीतून चहाचा पेला घेऊन पुन्हा डोळे मिटावयाचे, एवढाच जगाचा आणि लोंढ्याचा संबंध. १८८८ साली मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग पुरा झाला आणि खानापूर तालुक्यातील रानाच्या कुशीतले हे गाव जंक्शन झाले. रेल्वेने गावात तऱ्हेतऱ्हेची माणसे आणली. एका चाळीत मराठी, कोकणी, कानडी, तमिळ आणि उर्दू अशा भाषा एकाच नळावर ऐकू येत. ज्या गाडीने ही माणसे आली त्याच गाडीने गावची मुले शिकावयास बाहेर जात: कोणी खानापूरला, कोणी बेळगावला, कोणी धारवाडला. त्याआधीच्या पिढीत गोव्यातील मुलेही मराठी वा इंग्रजी शाळेसाठी कॅसलरॉकची जकात ओलांडून याच वाटेने बेळगावला येत. वसतिगृह सर्वांनाच परवडत नसे. मग कोणाच्या तरी घरी राहावयाचे.

ही जुनी गोष्ट आज काढण्यास कारण आहे. आमच्या परिचयाच्या दोन-तीन कुटुंबांतून अलीकडे एकच प्रश्न आला. मुलगा वा मुलगी पंधरा-सोळा वर्षांची. परदेशी हायस्कुलात एक वर्ष काढण्याची संधी आहे. तेथे एका अनोळखी कुटुंबात राहावयाचे. त्या बदल्यात कदाचित आपल्याकडेही तिकडचे एखादे मूल यावयाचे. पाठवावे का? ठेवून घ्यावे का? आईबाप विमानाचे भाडे, विमा, शाळेचे बुडणारे वर्ष यांची चौकशी करतात. ती उत्तरे संस्थेच्या पत्रकात मिळतात. दुसऱ्याच्या घरी पानावर बसल्यावर मुलाच्या मनात काय चालते, हे मात्र पत्रकात नसते. त्याविषयी आम्हांला थोडे बोलता येईल. कारण हायस्कूलची सारी वर्षे आम्ही दुसऱ्याच्या घरी काढली आहेत.

महाराष्ट्रात या गोष्टीला मोठी परंपरा आहे. पण ती सरसकट गौरवाने सांगण्यासारखी नाही. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, अशी सात घरे. कित्येक नामवंतांचे शिक्षण या अन्नावर झाले. परंतु वार लावणाऱ्या मुलाला कोणत्या घरची बाई मनापासून वाढते आणि कोणत्या घरी ताक पातळ होते, हे सातही घरांचे पंचांग पाठ असे, आणि ते त्याला जन्मभर विसरता येत नसे. शिवाय ही सात दारे जातीची होती. ज्याच्यासाठी एकही दार उघडत नव्हते त्याने काय करावे? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीत बसविले, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. वसतिगृहाचे महत्त्व केवळ स्वस्त जेवणात नव्हते. तेथे मुलाला कोणाचे उपकार मोजीत जेवावे लागत नव्हते. तिसराही एक प्रकार होता, तो तर सांगूच नये असा: शिकावयास ठेवतो म्हणून खेड्यातून मूल आणावयाचे आणि त्याच्याकडून भांडी घासून घ्यावयाची. अशा मुलाची पाटी कोरडी राही आणि हात ओले.

आमचे नशीब चांगले होते. वडील लोंढ्याला रेल्वेत होते आणि केव्हाही बदली होण्यासारखी. बेळगावच्या मालधक्क्यावरील एक कारकून त्यांचे स्नेही. ते कानडी, लिंगायत. १९६४ च्या जूनमध्ये एका पावसाळी दुपारी वडिलांनी आम्हांला त्यांच्या ओसरीवर नेले, वळकटी आणि ट्रंक ठेवली, आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. लोंढा ते बेळगाव अंतर सुमारे ५० किलोमीटर. गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर ही स्थानके ओलांडली की आलेच. पण त्या रात्री ते अंतर बोटीने जाण्याइतके वाटले.

पहिली अडचण अन्नाची. खानापूरकडचा आमचा भाग पावसाचा आणि भाताचा. बेळगावच्या पूर्वेकडचा ज्वारीचा. त्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची रोट्टी, एखादी पालेभाजी, शेंगांची चटणी, दही. भात शेवटी, मूठभर. आमच्या घरी भात म्हणजे जेवण आणि मासळी म्हणजे सण. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केल्यावर तिकडची गाडी बंद पडली होती, ती गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा सुरू झाली, आणि तिच्याबरोबर आमच्या घरी बांगडा परत आला होता. तो असा नुकताच परत आलेला असताना आम्ही मात्र शाकाहारी घरी जाऊन पडलो. सकाळी काका स्नान करून इष्टलिंगाची पूजा करीत, कपाळी विभूती लावीत, आणि तोवर घरात कोणी खात नसे. हे सारे आम्ही कोपऱ्यात उभे राहून पाहत असू.

दुसरी अडचण भाषेची. घरच्या बाईंना सर्व मुले अव्वा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्या आम्हांला तम्मा म्हणत. पहिल्या आठवड्यात आम्ही जो कानडी शब्द शिकलो तो 'साकु', म्हणजे पुरे. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला शब्द हाच असतो, मग तो कोणत्याही भाषेत असो. भूक असो वा नसो, दुसरी रोट्टी पुढे आली की हात आडवा करून 'साकु'. आईने निघताना बजावले होते, हावरेपणा करू नकोस. अव्वांनी तीन-चार दिवस हे पाहिले. नंतर त्यांनी आम्हांला विचारणेच सोडून दिले. ताटातली रोट्टी संपत आली की दुसरी पडे. कोणी काही विचारीत नसे, आम्हीही काही बोलत नसू. पाहुण्याला विचारून वाढतात, घरच्याला न विचारता. हा फरक अव्वांना कोणी शिकविला नव्हता. त्या स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या.

दुसरी खूण कामाची. चौथ्या महिन्यात त्यांनी ज्वारीचा डबा आमच्या डोक्यावर दिला आणि गिरणीवर पाठविले. त्यांच्या थोरल्या मुलाचे ते काम होते, ते आता पाळीपाळीने आले. तिसरी खूण बोलण्याची. एकदा खेळून अंधारात घरी आलो तेव्हा काकांनी त्यांच्या मुलांना आणि आम्हांला एकाच ओळीत उभे करून सारखेच खडसावले. रात्री अंथरुणात पडल्यावर आम्हांला वाईट वाटावयास हवे होते. आम्हांला गाढ झोप लागली.

आता या व्यवहाराचा हिशेब. पैसे घेण्यास काकांनी साफ नकार दिला होता. वडिलांनाही फुकट ठेवणे रुचेना. म्हणून सुगी झाली की लोंढ्याहून तांदळाचे एक पोते येई. ओळखीच्या गार्डाच्या हाती कधी फणस, कधी कोकम, कधी लोणच्याची बरणी येई. काही दिवसांनी तेच रिकामे पोते ज्वारीने भरून लोंढ्याला परत जाई. कोण कोणाचे देणे फेडीत होते हे दोघांनाही सांगता आले नसते, आणि म्हणूनच ते बरे चालले. पुढच्या मे महिन्यात त्यांचा धाकटा मुलगा आमच्याबरोबर लोंढ्याला आला आणि मग दर सुटीत येऊ लागला. ओढ्यात पोहणे, करवंदे, रानातली वाट यांत त्याला मराठी येऊ लागली, तीही अर्धी कोकणी. तो असेपर्यंत आमच्या आईने घरात मासळी शिजविली नाही. वडील कुरकुरले, आईने ऐकून घेतले आणि चुलीवर आमटीच ठेवली. आमच्या साऱ्या शिक्षणात आम्हांला मोठा धडा वाटतो तो आईच्या या दीड महिन्याच्या मौनाचा.

त्या काळी बेळगावात राहणे म्हणजे भाषेच्या वादात राहणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले होते. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. काकांकडे 'संयुक्त कर्नाटक' येई. शेजारी 'तरुण भारत' येई, तो आम्ही त्यांच्या पायरीवर बसून वाचीत असू. एका संध्याकाळी काका आणि आम्ही, पन्नास वर्षांचा गृहस्थ आणि सोळा वर्षांचा पोर, त्यांच्याच ओसरीवर त्यांच्याच भाषेत भांडलो. आम्ही मराठीची बाजू मांडली ती कानडीतून, हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आले नाही. अव्वांनी आतून सांगितले की रोट्टी थंड होते आहे. काकांचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. आमचेही बदललेले नाही. पण कानडी म्हणजे केवळ सरकारी पाटीवरची लिपी, असे आम्हांला पुन्हा कधी वाटू शकले नाही. 'तूप' हा आपला शब्द त्यांच्या 'तुप्प'चाच भाऊ आहे आणि 'अक्का' व 'अण्णा' ही दोन्ही घरांची मिळकत आहे, हे आम्हांला व्याकरणाच्या पुस्तकाआधी स्वयंपाकघरात कळले.

दोन भाषांच्या सीमेवर मुलांची अशी अदलाबदल करणे ही इतरत्र ठरलेली रीत होती, हे आम्हांला फार उशिरा वाचावयास मिळाले. बोहेमिया आणि मोराव्हिया, म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताक. तेथे चेक आणि जर्मन कुटुंबे एकमेकांच्या मुलांना एका वर्षापुरते बदलून घेत. चेक शेतकऱ्याचा मुलगा जर्मन गावी जाई, त्या घरचा मुलगा इकडे येई. दोघेही तेथल्या शाळेत जात, तेथली गुरे राखीत आणि वर्षाने परभाषा बोलत परत येत. पैशांचा प्रश्नच नव्हता, कारण मुलाबद्दल मूल. जुन्या हंगेरीतही ही चाल होती. हंगेरियन भाषेत अशा मुलाला 'चेरेग्येरेक' असा खास शब्द आहे. त्याचा अर्थच बदलीचे मूल. आपल्याकडे पाहुणा, आश्रित, आगंतुक, मानसपुत्र असे शब्द आहेत, पण याला शब्द नाही. तिकडे या रीतीमुळे दोन्ही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या जन्माची ओळख राहिली. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना घालवून देण्यात आले आणि ज्यांच्याशी मुले बदलावयाची ती घरेच उरली नाहीत. राजकारणाला एका वर्षाच्या ओळखीने आवर घालता येतो असे आम्ही म्हणणार नाही.

आजची पद्धत मात्र युद्धातूनच निघाली. अमेरिकन फील्ड सर्व्हिस ही मुळात १९१५ साली फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना. दुसऱ्या महायुद्धात तिच्या गाड्या आपल्या ब्रह्मदेशच्या आघाडीवरही होत्या. युद्ध संपल्यावर या ड्रायव्हरांनी ठरविले की आता शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत न्यावे, आणि १९४७ पासून मुले येऊ-जाऊ लागली. रोटरीचाही असा उपक्रम आहे. तीत मूल सुमारे पंधरा ते एकोणीस वर्षांचे, एक शालेय वर्ष, आणि बहुधा एकामागून एक दोन-तीन घरे. हातखर्चाला थोडे पैसे तिकडचा क्लब देतो. गमतीची गोष्ट अशी की कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा हे रोटरीच्या ३१७० या एकाच विभागात मोडतात. आयोगांना जे जमले नाही ते जेवणाच्या बैठका भरविणाऱ्या मंडळींनी नकाशावर करून टाकले. अमेरिकेच्या केनेडी-लुगार योजनेतून २००२ नंतर हिंदुस्थानातील मुलेही तिकडच्या हायस्कुलांत जाऊ लागली.

या योजनांतील तीन गोष्टी आम्हांला आमच्या जुन्या रीतीपेक्षा निश्चित चांगल्या वाटतात. अमेरिकेत या व्हिसावर येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याबद्दल मोबदला देता येत नाही, त्यामुळे मूल हे कमाईचे साधन होत नाही. कुटुंबाची पूर्वचौकशी होते, घर प्रत्यक्ष पाहिले जाते. आणि मुख्य म्हणजे एक तिसरा माणूस असतो: संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी, ज्याने महिन्यातून एकदा तरी मुलाशी बोलावयाचे. आमच्याकडे तो नव्हता. आम्हांला चांगले घर मिळाले हा योगायोग. ज्यांना मिळाले नाही त्यांनी कोणाला सांगावे? पोस्टकार्ड सर्वांना वाचता येई, म्हणून प्रत्येक मूल 'मी सुखरूप आहे' एवढेच लिही. आपले मूल पाठविणाऱ्यांनी या तिसऱ्या माणसाचे नाव आणि स्वभाव आधी विचारावा. शाळेची इमारत मागाहून पाहावी. वेळ पडल्यास घर बदलून मागणे हा मुलाचा हक्क असतो, हेही त्याला निघण्यापूर्वी सांगावे. आपली मुले ते सहसा मागत नाहीत. त्यांना तो कृतघ्नपणा वाटतो.

ठेवून घेणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. येणाऱ्या मुलाला पहिले आठ दिवस पाहुण्यासारखे वागवावे, नवव्या दिवशी पाणी भरावयास सांगावे. आपल्याकडे याच्या उलट होते. परदेशी मूल आले की वर्षभर त्याच्यापुढे गोड पदार्थ येतात, ते शेजाऱ्यांना दाखविले जाते, आणि त्याला एक कपही विसळू देत नाहीत. ते मूल आदराने गुदमरते. आणखी एक. असे मूल ठेवण्याचा निर्णय घरचा पुरुष समारंभात घेतो आणि त्याचे वर्ष घरची बाई काढते. तिला आधी विचारावे.

मुलींविषयी निराळे लिहिले पाहिजे. आम्हांला बेळगावला ठेवले, पण आमच्या धाकट्या बहिणीला कोणाच्या घरी ठेवावे असे कोणी सुचविलेदेखील नाही. ती सातवीनंतर घरी बसली, आणि तिचे गणित आमच्यापेक्षा चांगले होते. म्हणून १८८३ सालची हकीकत आम्हांला आजही चकित करते. आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या, एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी उतरल्या. या बाईंनी १८८० साली दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता एका मिशनरी मासिकात गोपाळरावांच्या पत्राविषयी वाचले होते आणि ओळखदेख नसता आपण होऊन पत्र धाडले होते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे त्या फिलाडेल्फियाला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. बाईंनी ती पुकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ज्या घरी मुलगी काही महिने राहिली त्या घराने तिला आपल्या माणसांत जागा दिली. आज मुलीला पाठविण्यास कचरणाऱ्या आईबापांना आम्ही एवढेच विचारतो की मुलगा असता तर हीच शंका आली असती का. आली असती, तर ती शंका खरी समजावी आणि नीट चौकशी करावी.

जाण्याविषयी सर्व बोलतात, परत येण्याविषयी कोणी बोलत नाही. आणि आमच्या मते ती बाजू अधिक अवघड आहे. वर्षभर बाहेर राहिलेले मूल परत आले की त्याला आपले घर लहान वाटते, आवाज मोठे वाटतात, आणि झोपेत ते तिकडच्या भाषेत बोलते. आईला ते सोसत नाही. बोहेमियातील मुलेही म्हणे घरी आल्यावर काही दिवस मातृभाषेत अडखळत. यावर उपाय नाही; घाई मात्र करू नये, आणि 'आता तुला आमचे कुठे आवडणार' हे वाक्य तर उच्चारूच नये.

आमची परीक्षा झाली आणि १९६८ च्या उन्हाळ्यात आम्ही वळकटी-ट्रंक घेऊन लोंढ्याला परतलो. आईने पहिल्याच दिवशी बांगड्याचे कालवण केले. आम्ही पोटभर जेवलो, आणि चार दिवसांनी नकळत ज्वारीची रोट्टी आहे का म्हणून विचारले. आई काही बोलली नाही. तिने बेळगावहून आलेल्या पोत्यातली ज्वारी दळून आणविली आणि थापून पाहिली. भाकरी तव्यावर पडण्यापूर्वीच दुभंगली. तिचे हात तांदळाच्या पिठाचे. त्या वर्षी श्रावणाआधी अव्वा गोव्याला एका नातलगाकडे जाण्यास निघाल्या, तेव्हा गाडी बदलताना आमच्या घरी एक रात्र राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. संध्याकाळी चुलीपाशी अव्वांनी पिठात कढत पाणी ओतले, आईचा हात धरून परातीत थापावयास लावला, आणि आई थांबली की त्या म्हणत, इन्नू, म्हणजे आणखी. बाहेर लोंढ्याचा पाऊस कोसळत होता. तिसरी भाकरी फुगली.